नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन : प्रोसेसर-स्थितीची हाताळणी

एका आभासी यंत्राच्या आत दुसरे आभासी यंत्र चालवण्याची व्यवस्था. मराठीत तिला रुळलेला शब्द नाही. पोटभाडेकरू, पोटहिस्सा यांच्या धर्तीवर ‘पोटयंत्र’ म्हणता येईल आणि ते शोभेलही. मालकाचा करार भाडेकरूशी असतो, पोटभाडेकरूशी नसतो; घर मात्र मालकाचेच वापरले जाते. इथेही तसेच आहे. खऱ्या हार्डवेअरवरच्या हायपरवायझरला (आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) एल०, त्याच्या गेस्टमध्ये, म्हणजे त्याने चालवलेल्या आभासी यंत्रात, चालणाऱ्या हायपरवायझरला एल१ आणि सर्वांत आतल्या गेस्टला एल२ म्हणतात. भाड्याने घेतलेला क्लाउड सर्व्हर बहुधा स्वतःच आभासी यंत्र असतो. त्यावर केव्हीएम या लिनक्समधल्या हायपरवायझरचा सराव करणारा विद्यार्थी या उतरंडीच्या दुसऱ्या पायरीवर उभा असतो.

कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या १९७२च्या व्हीएम/३७० प्रणालीत तीच प्रणाली तिच्याच पोटात चालवता येई. पोपेक व गोल्डबर्ग यांच्या १९७४च्या निबंधात अशा पुनरावृत्तीच्या अटी सूत्ररूपात आल्या. एक्स८६ वर आभासीकरणाचा हार्डवेअर आधार आला तो २००५ (इंटेल) व २००६ (एएमडी) मध्ये, पण एका पातळीपुरताच. दुसरी पातळी सॉफ्टवेअरनेच उभी करावी लागते. इंटेलवर ती कमी खर्चात जमते हे आयबीएमच्या हैफा येथील ‘टर्टल्स’ प्रकल्पाने २०१०मध्ये दाखवले. नेहमीच्या कामांत एका पातळीच्या तुलनेत कामगिरीत ६ ते ८ टक्क्यांची घट त्यांनी नोंदवली.

गेस्टची रजिस्टरे, नियंत्रण-नोंदी, अडवायच्या सूचनांची यादी, परवानगी-नकाशांचे पत्ते हे सारे प्रोसेसर एका संचात ठेवतो. इंटेलमध्ये त्याला व्हीएमसीएस, एएमडीत व्हीएमसीबी म्हणतात. एल१ने एल२साठी लिहिलेला संच एल० जसाच्या तसा प्रोसेसरला देऊ शकत नाही, कारण त्यातले पत्ते एल१च्या समजुतीतले असतात, खऱ्या स्मृतीतले नव्हेत. म्हणून तीन संच सांभाळले जातात: एल०ने एल१साठी केलेला ०१, एल१ने एल२साठी लिहिलेला १२, आणि या दोहोंवरून एल०ने घडवलेला ०२. प्रोसेसर खरोखर चालवतो तो ०२.

सगळा धोका १२मध्ये आहे, कारण तो एल१च्या ताब्यातला कागद आहे. इंटेलचा संच वाचण्या-लिहिण्यासाठी खास सूचना लागतात आणि केव्हीएम त्याची प्रत स्वतःजवळ ठेवते. एएमडीचा व्हीएमसीबी मात्र स्मृतीतले ४ किलोबाइटचे साधे पान असते. एल१चा एक आभासी प्रोसेसर गेस्ट चालू करणारी ‘व्हीएमरन’ सूचना देत असताना दुसरा ते पान बदलू शकतो. सहीसाठी पुढे केलेला कागद साहेबांनी वाचावा आणि लेखणी टेकण्याआधी कारकुनाने तो बदलावा, असा हा प्रकार.

लिनक्स ५.१०मध्ये केव्हीएमात नेमका हाच दोष शिरला. एल२ने दिलेली व्हीएमरन अडवली जाईल अशी खूण संचात असलीच पाहिजे, हा एएमडीचा नियम आहे. केव्हीएम ती खूण एल१च्या स्मृतीत तपासत असे आणि मग तेच पान पुन्हा वाचून वापरत असे. दोन वाचनांमधल्या फटीत खूण पुसली की एल२ला स्वतःच व्हीएमरन देता येई, आणि केव्हीएमची पुढची मांडणी तर असे होणारच नाही हे धरून केलेली. शेवट होस्टच्या मॉडेल-विशिष्ट रजिस्टरांवर गेस्टला मोकळा हात मिळण्यात होई. गूगल प्रोजेक्ट झीरोच्या फेलिक्स विल्हेल्म यांनी शोधलेला हा दोष सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२१-२९६५७ म्हणून नोंदला गेला. दुरुस्ती ओळी इकडच्या तिकडे करण्याइतकी साधी होती: आधी प्रत काढायची, मग त्या प्रतीचीच तपासणी करायची आणि तीच वापरायची.

प्रत काढली म्हणून ती विश्वासार्ह होत नाही. ०२ घडवताना एल० व एल१ या दोघांच्या अडवणुकींची बेरीज घ्यावी लागते. दोघांपैकी एकालाही जे अडवायचे आहे ते अडलेच पाहिजे. टाइमस्टॅम्पचे फरक तर अक्षरशः बेरजेने जातात. पण काही क्षेत्रे एल१कडून घ्यायचीच नसतात. ऑगस्ट २०२१मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०२१-३६५६ मध्ये असे एक क्षेत्र न गाळता पुढे गेले होते. एल२च्या व्हीएमलोड व व्हीएमसेव्ह या (प्रोसेसर-स्थिती भरण्या-साठवण्याच्या) सूचना त्यामुळे थेट होस्टच्या भौतिक स्मृतीवर चालू शकत.

अर्धवट राहिलेल्या घटनांची कटकट वेगळी. एल२ला इंटरप्ट पोहोचवत असतानाच पान न सापडल्याने नियंत्रण एल०कडे आले, तर तो इंटरप्ट हरवताही कामा नये आणि दोनदा पोहोचताही कामा नये. शिवाय तो एल०ने घातला होता की एल१ने, हेही लक्षात ठेवावे लागते; एल१चा असेल आणि एल२मधून बाहेर पडल्यावर नियंत्रण एल१कडे जाणार असेल, तर त्याची नोंद १२मध्ये परत लिहावी लागते.

संचांची ही सारी मधली अवस्था बराच काळ केव्हीएमच्या पोटातच राहत असे. एल२ चालू असताना एल१ला एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवले की ती मागे राहून जाई. ती बाहेर काढून पुन्हा भरण्याची सोय इंटेलसाठी लिनक्स ४.१९मध्ये, म्हणजे २०१८ साली आली. त्याच्या पुढच्याच आवृत्तीत, ४.२०मध्ये, इंटेलवर नेस्टेड सुविधा मुळातूनच चालू ठेवली जाऊ लागली. एएमडीवर ती त्याआधीपासूनच तशी होती.