नेपथ्यातला शोक

९ ऑक्टोबर २०१९ रोजी अरुण काकडे गेले. वय नव्वदीच्या उंबरठ्यावरचे. म्हणजे अकाली म्हणावे असे मरण नव्हे. तरीही मुंबईच्या प्रायोगिक नाट्यवर्तुळात त्या दिवशी जी पोकळी जाणवली ती एखाद्या नामवंत नटाच्या जाण्याने जाणवते तशी नव्हती. 'काकडेकाका' या नावाने तीन पिढ्यांना परिचित असलेला हा माणूस नाटककार म्हणून, दिग्दर्शक म्हणून वा एखाद्या गाजलेल्या भूमिकेसाठी ओळखला जात नव्हता. तो ओळखला जात होता तो 'आविष्कार' चालवणारा म्हणून. आणि 'चालवणे' या क्रियापदात काय काय येते हे आपल्या नाट्येतिहासांनी कधी नीट सांगितलेले नाही.

अशा माणसाचा शोक करायचा कसा, हा प्रश्न वरवर भावनिक वाटतो. वस्तुतः तो इतिहासलेखनाचा प्रश्न आहे. लेखक गेला तर त्याच्या साहित्याचे वाचन करता येते. नट गेला तर त्याची भूमिका, त्याचे एखादे पद, त्याची रंगमंचावरची एंट्री आठवता येते. परंतु ज्याने आयुष्यभर सभागृहाची परवानगी मिळवली, तारखा जुळवल्या, तिकिटे विकली, सामानाचा टेम्पो वेळेवर आणला आणि प्रयोग संपल्यावर दिवे मालवून कुलूप लावले, त्याचे काय वाचणार? शोकसभेतील वक्ते अशा वेळी एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत बोलतात : ते नसते तर काहीच झाले नसते. वाक्य खरे असते, पण त्यातून काही कळत नाही. काय काय झाले नसते, हे विचारले की मग इतिहासाला सुरुवात होते.

'नेपथ्य' या शब्दाचा प्रवास येथे पाहण्याजोगा आहे. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे वेशभूषा आणि पडद्यामागची वेशभूषेची जागा; 'नेपथ्ये' अशी रंगसूचना आली की आवाज आतून येणार हे समजायचे. आधुनिक मराठीने हा शब्द रंगमंचावरील देखाव्याला दिला, आणि 'नेपथ्यकार' हा दिसणाऱ्या गोष्टीचा कर्ता झाला. त्यामुळे न दिसणाऱ्यांसाठी आपल्याकडे शब्दच उरला नाही. उरला तो 'कार्यकर्ता', राजकारणाकडून आणि समाजकारणाकडून उसना आलेला. नाट्यशास्त्राची दृष्टी या बाबतीत अधिक उदार होती असे म्हणावे लागते. त्याच्या अखेरच्या भागात नाट्यमंडळींची जी मोजदाद येते तीत सूत्रधार व विदूषक यांच्याच ओळीत मुकुट घडवणारा, दागिने करणारा, माळा गुंफणारा, वस्त्रे रंगवणारा यांनाही स्थान आहे. आम्ही अध्यापक मंडळी मात्र एम.ए.च्या वर्गात नाट्यशास्त्र म्हणजे रससूत्र असे समजून तेवढेच शिकवतो आणि पुढे जातो.

आता काकडे ज्या परंपरेत वावरले तिच्याकडे वळू. १९६० साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदींच्या पुढाकाराने 'रंगायन' स्थापन झाले. दहा-अकरा वर्षांनी मतभेद होऊन काही मंडळी बाहेर पडली आणि १९७१ मध्ये 'आविष्कार'चा जन्म झाला. अरविंद व सुलभा देशपांडे, तेंडुलकर आणि काकडे ही त्यामागची प्रमुख नावे. गिरीश कार्नाडांचे 'तुघलक' तेंडुलकरांच्या मराठी अनुवादातून, अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी उभे केले. नव्या, पैशाने दुबळ्या संस्थेने राजे, सरदार, प्रजा आणि राजधानीचे स्थलांतर असलेले नाटक प्रारंभीच हाती घ्यावे यात धाडस होते. आणि ते धाडस जितके दिग्दर्शकाचे तितकेच जमाखर्चाची वही सांभाळणाऱ्याचेही असते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

१९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह हे या संस्थेचे केंद्र झाले. सुलभाताई त्या शाळेत शिक्षिका होत्या, हा या घटनेतील निर्णायक दुवा. छबिलदासविषयी आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे : कमानी रंगमंचाचा त्याग, प्रेक्षक आणि नट यांतील अंतर मिटणे, नव्या संहितांचा शोध, सत्यदेव दुबे यांच्यासारख्या दिग्दर्शकांचा वावर. हे सारे खरेच आहे. पण शाळेचे सभागृह म्हणजे काय हेही क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. दिवसा तेथे शाळा. बाहेर दादर पश्चिमेची बाजारपेठ. नाटकासाठी बांधलेली नसल्याने जागेत ना पडदा, ना विंगा, ना रंगपट. प्रत्येक प्रयोगाला लेव्हल मांडायच्या, स्पॉट बांधायचे, खुर्च्या लावायच्या, आणि रात्री सगळे पुन्हा होते तसे करायचे, कारण सकाळी मुले येणार. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. तो कागदही कोणीतरी आणावा लागतो. शिवाय आविष्कारने हे सभागृह स्वतःपुरते राखले नाही, इतर संस्थांनाही ते खुले केले. औदार्य हा शब्द येथे सहज सुचतो. पण औदार्य म्हणजे प्रत्यक्षात वाढलेले काम : दुसऱ्याच्या नाटकासाठीही वेळेवर दार उघडणे आणि शेवटी थांबून राहणे.

ज्याला आपण 'छबिलदास चळवळ' म्हणतो ती बहुतांश या अदृश्य वेळापत्रकावर उभी होती. नटमंडळी दिवसा बँकांत, सरकारी कचेऱ्यांत, महाविद्यालयांत नोकऱ्या करीत आणि संध्याकाळी तालमीला येत. मानधन हा विषय जवळजवळ नव्हताच. अशा व्यवस्थेत एखादा माणूस सातत्याने, न रुसता, न थकता उपलब्ध असणे हीच संस्थेची खरी पुंजी ठरते.

३ जानेवारी १९८७ रोजी अरविंद देशपांडे यांचे निधन झाले. आविष्कारने आपला शोक कसा व्यक्त केला हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या नावाने नाट्यमहोत्सव सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. पुतळा नाही, भिंतीवरची तसबीर नाही. दिवंगताच्या स्मरणार्थ इतरांच्या नाटकांना जागा. रंगभूमीने स्वतःसाठी शोधलेला हा शोकविधी आहे असे आम्हाला वाटते. आणि गंमत अशी की, याच पिढीने शोकाच्या औपचारिकतेची यथेच्छ टर उडवलेली होती. छबिलदास सुरू झाले त्याच १९७४ साली पुण्यात थिएटर अ‍ॅकॅडमीने सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' रंगमंचावर आणले. मेलेले भाऊराव, दहनासाठी जुन्याच स्मशानाचा त्यांनी धरलेला हट्ट, चाळकऱ्यांचा पोकळ कळवळा आणि या सगळ्याला कीर्तनाचा साज. ज्यांनी हे नाटक पाहून पोट धरून हसावे, त्यांच्यावरच पुढे आपल्या सोबत्यांसाठी दोन शब्द बोलण्याची पाळी आली. ठरावीक शब्द वापरता येत नव्हते, कारण त्यांची वाट त्यांनीच बंद केली होती. प्रयोग करणे हाच मार्ग उरला.

अर्थात मृत्यूला प्रयोगाने उत्तर देण्याची रीत मराठीत जुनी आहे. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांचे अपत्य वारले, प्रयोग झाला. ही कथा आपण पिढ्यानपिढ्या सांगतो. मात्र तीत एक गोष्ट गृहीत असते : दुःख गिळणारा नट असतो आणि त्याला पाहणारे प्रेक्षक असतात. पडद्यामागच्या माणसाने घरचे दुःख बाजूला सारून प्रयोग उभा केल्याची आख्यायिका होत नाही, कारण ते पाहायला कोणीच नसते.

याहून वेगळे आणि अधिक कठोर उदाहरण मराठीबाहेरचे आहे. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत जन नाट्य मंचाचे 'हल्ला बोल' हे पथनाट्य चालू असताना हल्ला झाला. सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी मरण पावले. ४ जानेवारीला मलयश्री हाश्मी आणि त्यांचे सहकारी त्याच जागी परतले आणि अर्धवट राहिलेले नाटक त्यांनी पूर्ण केले. भारतीय रंगभूमीवरचा हा बहुधा सर्वांत बोलका शोक. पण त्या हल्ल्यात राम बहादूर नावाचा एक कामगारही मारला गेला होता. झंडापुरात दरवर्षी १ जानेवारीला दोघांचेही स्मरण केले जाते; आपल्या पाठ्यपुस्तकी नोंदींत मात्र एकच नाव उरते. नाटक ज्यांच्यामुळे व ज्यांच्यासाठी होते त्यांच्यापैकी कोणाचे नाव टिकावे, हे नेमके कोण ठरवते?

पुन्हा आविष्कारकडे येऊ, कारण खरा मुद्दा तेथे आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात छबिलदासचे सभागृह सुटले आणि संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली. आपले बहुतेक विवेचन येथे थांबते. 'छबिलदास पर्व संपले' असे लिहून आपण परिच्छेद बदलतो. संहिता आणि दिग्दर्शक यांच्याकडे पाहिले तर ते कदाचित बरोबरही असेल. पण किल्ल्या ज्याच्या हाती होत्या त्या माणसाकडे पाहिले तर काहीच संपलेले दिसत नाही. पुन्हा एक शाळा, पुन्हा तोच अर्ज-विनंत्यांचा व्यवहार, पुन्हा संध्याकाळच्या तालमी. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली महेश एलकुंचवारांची वाडा त्रिनाट्यधारा याच संस्थेने सलग सुमारे नऊ तासांच्या प्रयोगात सादर केली. नऊ तास! प्रेक्षकांच्या खाण्यापिण्यापासून नटांच्या विश्रांतीपर्यंतचा विचार केल्याशिवाय असा प्रयोग कागदावरही उभा राहत नाही. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'चे रंगरूपही सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली पुढे आविष्कारनेच आणले. म्हणजे कालखंड कोठे संपतो हे आपण कोणावर नजर ठेवतो यावर अवलंबून असते. साठोत्तरी, नव्वदोत्तरी हे आपले खण लेखकांच्या मापाने बेतलेले आहेत. कार्यकर्त्याच्या मापाने बेतले तर १९७१ ते २०१९ हा एकच अखंड पट दिसतो, आणि त्यावरचे दुःखाचे टप्पेही निराळे दिसतात : अरविंद देशपांडे १९८७, तेंडुलकर २००८, सुलभाताई २०१६, आणि शेवटी, इतर तिघांना निरोप दिल्यानंतर, काकडे.

येथे थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. 'झोकून देणे' या शब्दप्रयोगाचे आपल्याला फार कौतुक. त्या कौतुकाच्या आड विनावेतन श्रम लपतात, घरच्यांनी सोसलेले लपते, आणि एका माणसावर उभी असलेली संस्था किती नाजूक असते हेही लपते. काकडे यांच्यासारखा माणूस लाभणे हे भाग्य खरे, पण समाजाने हौशी व प्रायोगिक रंगभूमीसाठी कायमच्या जागा निर्माण केल्या असत्या तर त्या भाग्याची एवढी गरज पडली असती का? त्यांच्या निधनानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, महासाथीमुळे सगळीच नाट्यगृहे बंद झाली. शोक करण्याचे रंगभूमीचे जे एकमेव साधन, तेच हाताशी राहिले नाही.

वर्गात आपण 'शांतता! कोर्ट चालू आहे' शिकवतो. रंगायनसाठी १९६७ साली आलेले, अरविंद देशपांडे यांनी दिग्दर्शित केलेले आणि सुलभाताईंच्या बेणारेने अजरामर केलेले हे नाटक मुळात एका हौशी संस्थेविषयी आहे. बेणारेवर, काशीकरांवर, सुखात्म्यावर उत्तरपत्रिका भरभरून येतात. सामंतवर प्रश्न विचारल्याचे आमच्या पाहण्यात नाही. हा गावातला साधा माणूस. सभागृहाचे कुलूप उघडून देतो, मंडळींना काय हवे नको ते पाहतो, साक्षीदार कमी पडला तर उभा राहतो आणि कोणाच्या तरी हातचे बाहुले होऊन खोटी साक्षही देतो. शेवटी उद्ध्वस्त होऊन पडलेल्या बेणारेपाशी कापडाचा हिरवा पोपट ठेवून गुपचूप निघून जाणाराही तोच. तेंडुलकरांनी त्याला निर्दोष ठेवले नाही आणि अदृश्यही होऊ दिले नाही. हौशी नाटकाला दार उघडून देणारी माणसे लागतात हे त्यांना रंगायनच्या दिवसांत चांगलेच ठाऊक झालेले असणार.

अशा माणसांची साधने आज कोठे आहेत? कार्यक्रमपत्रिका, भाड्याच्या पावत्या, शाळांना लिहिलेली विनंतीपत्रे, तालमींच्या हजेरीच्या वह्या. गावोगावच्या हौशी संस्थांतून हे कागद कोणाच्या तरी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत पडून असतात, आणि घर रिकामे करताना ते रद्दीत जातात. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी या वर्षी एखादा नाटककार कमी घेतला आणि अशी एखादी पेटी उघडली, तर मार्गदर्शक म्हणून आमची ना नसेल.