प्रकाशाचा पल्ला : वीस मीटरपासून साताऱ्यापर्यंत

काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते, हे लंडनमध्ये हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली दाखवले. दूरध्वनीला मात्र असा तंतू निरुपयोगी होता. तेव्हाच्या चांगल्या काचेतही २० मीटरनंतर जेमतेम १ टक्का प्रकाश उरे.

दोष काचेचा की तिच्यातील भेसळीचा? १९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले, की दोष लोहासारख्या अशुद्धींचा आहे. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी इतका शुद्ध तंतू बनवला, की १ किलोमीटरनंतरही सुमारे २ टक्के प्रकाश उरला. भारतातील पहिली प्रकाशतंतू जोडणी १९७९ साली पुण्यात, शहरातल्या शहरात झाली.

आजच्या तंतूत अवरक्त प्रकाश १०० किलोमीटरनंतर १ टक्का उरतो. म्हणजे पुण्याहून निघून तो साताऱ्याच्या जवळ येतो. तेथून सांगली गाठायची तर वाटेत प्रकाशवर्धक हवा. एर्बियम मिसळलेल्या तंतूचा असा वर्धक १९८७ साली तयार झाला.

वर्गात नकाशा घेऊन हे अंतर मोजून पाहावे. २० मीटरचे १०० किलोमीटर झाले ते मुख्यतः शुद्धतेमुळे, हे मुलांना आपोआप उमगेल.