मराठी फौजेतील चकमकीची बंदूक : मोल आणि उपयोग

जासई हे गाव पनवेलच्या खाडीच्या दक्षिणेस, उरणच्या वाटेवर वसलेले आहे. साष्टी व कारंजा ही बेटे इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस सुरू केलेल्या मोहिमेत घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच कायम राहिली. त्यामुळे उरणच्या समोरची ही किनारपट्टी पेशव्यांच्या मुलखाच्या अगदी शिवेवर आली. नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज निघाली, ती ह्याच खाडीने पनवेलला येऊन उतरली. त्या फौजेतील शिपायाच्या खांद्यावर जी बंदूक होती, तिला तोडा नव्हता. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा बसविलेला होता. घाटमाथ्यावर वाट पाहत असलेल्या मराठी फौजेतील प्यादा मात्र अद्याप बहुतांशी तोड्याच्या बंदुकीवरच भिस्त ठेवून होता.

ह्या भेदावरून इतिहासकारांनी मराठ्यांवर दोन आरोप ठेवले आहेत आणि गमतीची गोष्ट अशी की, ते परस्परविरुद्ध आहेत. राजवाड्यांच्या मते मराठ्यांना पाश्चात्त्यांची शास्त्रीय दृष्टी लाभली नाही, म्हणून शस्त्रविद्येत ते मागे राहिले. उलट, आर्थर वेलस्लीसारख्या प्रत्यक्ष लढलेल्या सेनानीचे मत असे होते की, मराठ्यांनी आपली घोडदळाची लढाई सोडून कवायती पायदळ उभारले, हीच त्यांची चूक होय. एकाच्या मते नवे शस्त्र घेतले नाही हा दोष, तर दुसऱ्याच्या मते ते घेतले हाच दोष. दोन्ही मतांत एक प्रश्न बाजूस राहतो, आणि तो अगदी बाजारातला प्रश्न आहे : ह्या बंदुकीची किंमत किती, ती कोणी द्यावयाची, आणि त्या किमतीत हाती काय पडत असे?

प्रथम शस्त्राचा विचार करू. तोड्याच्या बंदुकीत जळती जामगी चापाच्या चिमट्यात धरलेली असे. चाप दाबला की तिचे टोक कानातील रंजकीवर टेके आणि बार उडे. रचना इतकी साधी की, गावचा लोहारही ती दुरुस्त करू शके. दोष उघड होते. जामगी सतत पेटती ठेवावी लागे; रात्री तिचा लाल ठिपका शत्रूस दिसे; आणि जळती दोरी हाती असलेली दोन माणसे दारूच्या थैल्यांसह खांद्याला खांदा लावून उभी करणे म्हणजे अपघातास आमंत्रणच. चकमकीच्या बंदुकीत गारेचा आघात पोलादी पाटीवर होऊन ठिणगी पडे, जामगीची गरज उरत नसे. ही युक्ती फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्णत्वास आली. परंतु युरोपातील फौजांनीसुद्धा तोड्याची बंदूक पुरती टाकून द्यावयास १७०० साल उजाडले. म्हणजे ज्या विलंबाबद्दल मराठ्यांस दोष दिला जातो, तसाच सुमारे शंभर वर्षांचा विलंब खुद्द युरोपातही झाला होता. त्याचे कारण तेथेही किमतीचेच होते. तत्पूर्वीची चक्राच्या चापाची बंदूक तर घड्याळाइतकी नाजूक व महाग होती; ती सरदारांच्या पिस्तुलांपलीकडे पायदळात कोठेच रुजली नाही.

आता लाभ. कवायतीत मुरलेला शिपाई चकमकीच्या बंदुकीतून मिनिटास तीनेक बार काढी. तोड्याच्या बंदुकीचा वेग ह्याहून बराच कमी. परंतु टप्पा व नेम ह्या दोन बाबतींत लांब नळीची देशी बंदूक इंग्रजी बंदुकीस हार जात नसे. पुष्कळदा ती सरसच ठरे. दगडाआड बसून एकट्याने नेम धरणाऱ्या माणसाला नव्या चापाने विशेष काही दिले नाही. त्याचा खरा फायदा रांगेत होता. जामगी गेली म्हणून माणसे चिकटून उभी करता आली. माणसे चिकटून उभी राहिली म्हणून एकाच वेळी शंभर बार एका दिशेस सोडता आले. आणि नळीच्या टोकाला संगीन लावल्यावर तीच रांग घोडेस्वारांपुढे भाल्यांच्या भिंतीसारखी उभी राहू शकली. एकट्यादुकट्या बंदुकीस फारसे मोल नव्हते. बाजारभावापलीकडचे तिचे मोल हजार बंदुका एकत्र, एका हुकमावर उडू लागल्या म्हणजेच दिसे.

येथे मराठी लष्कराच्या घडणीचा प्रश्न येतो. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई. घोडा हेच त्याचे भांडवल. तो मेला तर शिलेदारी बुडाली. अशा माणसाने पदरचे पैसे घालून चकमकीची बंदूक का घ्यावी? ती घोड्यावरून भरता येणे कठीण, आणि शेजारच्या शिलेदाराने तशीच घेतली नाही तर तिचा गुणच प्रकट होत नाही. तमंचा किंवा पिस्तूल घोडेस्वारास सोयीचे खरे, पण एक बार उडाल्यावर ते रिकामे. म्हणून त्याने भाला व तलवार ह्यांवरच विश्वास ठेवला. हा हिशेब अडाणीपणाचा नव्हता. नव्या चापाचा लाभ ज्यास होणार ती सरकार, आणि हत्याराचा खर्च ज्याच्या माथी तो शिलेदार, असा हा पेच होता. तो सोडवावयाचा तर बंदूक, वर्दी आणि पगार ही तिन्ही सरकारनेच द्यावयास हवीत, म्हणजे पायदळ वेगळ्याच पायावर उभारावयास हवे.

ते उभारले गेले आणि त्याच्या खुणा भाषेत राहिल्या. तोफ, बंदूक, तमंचा, जामगी, दारू हे शब्द तुर्की, अरबी, फारसीतून मराठीत आले, ते सुलतानांच्या चाकरीच्या काळात. काडतूस आणि पिस्तूल हे पोर्तुगीजांकडून आले. गारदी, पलटण, कंपू ही तिसरी लाट फिरंगी कवायतीबरोबर आली. लक्षणीय गोष्ट अशी की, ह्या शेवटच्या लाटेतील शब्द हत्यारांचे नाहीत; ते माणसांच्या जमावाचे, त्यांच्या रचनेचे आहेत. मराठ्यांनी त्या काळी जे विकत घेतले ते मुख्यतः काय होते, ह्याची साक्ष बखरीपेक्षा हे तीन शब्द अधिक चोख देतात. शत्रूकडील स्टुअर्ट कप्तानासही ह्याच भाषेने ‘इष्टुर फाकडा’ करून आपल्यात घेतले, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

गारद्यांचा खर्च पहिल्यापासून डोळ्यांत सलत असे. बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे सदाशिवरावभाऊंच्या पदरी आला. काशीराजाच्या वृत्तान्तात पानिपतच्या सकाळी त्याच्या तोंडी जे भाषण घातले आहे, त्याचा आशय असा की, दरमहा पगारासाठी मी लावलेल्या तगाद्यामुळे आपण माझ्यावर नाराज असता, पण आज त्या पगाराची फेड पाहा. भाषण शब्दशः खरे असो वा नसो, तक्रार खरी होती. लुटीवर व जहागिरीवर पोसलेल्या फौजेत रोख मुशाहिरा मागणारे पायदळ म्हणजे रोजची कटकट. मल्हारराव होळकरांचा गनिमी काव्याचा आग्रह आणि इब्राहिमखानाचा कवायतीचा आग्रह ह्यांतील वादाच्या तळाशी हाही हिशेब होता, असे मानावयास जागा आहे.

हा हिशेब सर्वांत नीट मांडला तो महादजी शिंद्यांनी. १७८४ मध्ये त्यांनी द बॉयन्यास दोन पलटणी उभारावयास सांगितल्या, तेव्हा दर शिपायामागे दरमहा आठ रुपये ठरले. द बॉयन्ये शिपायास साडेपाच रुपये देई आणि उरलेल्यात अंमलदारांचा खर्च भागवी. पुढे सँग्स्टर नावाच्या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखाली आग्र्यास तोफा ओतल्या जाऊ लागल्या आणि बंदुका घडू लागल्या. ही बंदूक विलायती बंदुकीच्या तोडीची असून तिला सुमारे दहा रुपये पडत. दहा रुपये म्हणजे त्या शिपायाचा दोन महिन्यांहूनही कमी पगार. बंदूक एकदा घेतली की कित्येक वर्षे टिके. पगार मात्र दर महिन्याला उभा. वर्षभराचे सहासष्ट रुपये एका शिपायास देणाऱ्याला एकदाच लागणारे दहा रुपये जड वाटण्याचे कारण नाही. ‘महाग बंदूक’ ही तक्रार येथे निम्मी वितळते. महाग होती ती बंदूक नव्हे, तिच्यामागचा माणूस. त्याची रोजची कवायत, त्याचे काडतूस, वीस-तीस बारांनंतर बदलावी लागणारी गार, आणि फिरंगी अंमलदारांचे पगार हे सर्व त्या माणसाबरोबर आले. हा खर्च भागविण्यासाठी दोआबातील परगणे तोडून द्यावे लागले. १७९० मध्ये पाटण व मेडता येथे ह्या पायदळाने जे जय मिळविले, त्यांची खरी किंमत त्या परगण्यांच्या वसुलात मोजली पाहिजे.

तरीही द बॉयन्येसारख्या जाणत्या सेनापतीने जुन्या बंदुकीस सर्वस्वी रजा दिली नाही, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. त्याच्या दहा पलटणींच्या कंपूत सात पलटणी तेलंग्यांच्या, चकमकीच्या बंदुकीच्या होत्या. तीन नजिबांच्या, आणि त्यांच्या हाती तोड्याचीच बंदूक होती, फक्त तिला संगीन जोडलेली. ज्याच्या दाराशी दहा रुपयांत नवी बंदूक घडत होती, त्यानेच ही निवड केली. तेव्हा जुने हत्यार टिकले ते केवळ अज्ञानामुळे, हे म्हणणे येथे तरी लागू पडत नाही.

काटकसरीची ही दृष्टी एतद्देशीयांपुरतीच होती, असेही नाही. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या शिपायांसाठी ३९ इंच नळीची, साध्या घडणीची स्वस्त बंदूक करवून घेतली होती. फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर इंग्लंडच्या राजाच्या फौजेस बंदुकांची टंचाई पडली, तेव्हा सरकारने कंपनीकडून तीच बंदूक विकत घेतली आणि १७९७ च्या सुमारास तोच नमुना आपल्या फौजेसाठी मुक्रर केला. देखणी, लांब नळीची जुनी बंदूक मागे पडली. व्यापाऱ्याची स्वस्त बंदूक राजाच्या खांद्यावर चढली.

पुन्हा पनवेलच्या वाटेकडे वळू. १७७८ च्या त्या मोहिमेत नव्या बंदुकीची दोन्ही अंगे एकाच आठवड्यात दिसली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ स्टुअर्ट पडला. तळेगावास पोहोचल्यावर इंग्रजांना गाव जाळलेले, दाणावैरण नाहीशी केलेली आढळली. अन्नाशिवाय मिनिटास तीन बार काढणारी फौजही परतच फिरते. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तलावात टाकून ती मागे वळली आणि वडगावास कोंडली जाऊन तहास आली. परंतु ह्या माघारीत पिछाडी सांभाळणाऱ्या कप्तान हार्टलेच्या शिपायांनी मराठी घोडदळाचे हल्ले रांग न मोडता परतविले, हेही तितकेच खरे आहे. मोहीम फसली ती मुंबईच्या कारभाऱ्यांमुळे. त्या रांगेने मात्र आपली किंमत वसूल करून दिली. मराठी मुत्सद्द्यांनी, विशेषतः महादजींनी, वडगावात हे दोन्ही पाहिले होते, आणि पाच वर्षांनी द बॉयन्याशी करार करणारे महादजीच होते.

१८०३ मध्ये ह्या खर्चाची दुसरी बाजू उघडी पडली. गव्हर्नर-जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अंमलदारांस वेतनाचे आमिष दाखविले आणि ऐन युद्धात ते निघून गेले. पेराँही इंग्रजांच्या आश्रयास गेला. तरी २३ सप्टेंबर रोजी असईस शिंद्यांच्या तोफा व पायदळ ह्यांनी वेलस्लीचे दीड हजारांवर लोक ठार व जखमी केले. बंदूक कमी पडली, असे त्या रणांगणावरून तरी म्हणता येत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रँडॉल्फ कूपर ह्यांच्या ग्रंथात शस्त्रांपेक्षा पतपैशावर व अंमलदार फोडण्यावर जो भर दिला आहे, तो ह्या दृष्टीने योग्य वाटतो. कंपनीस कर्ज मिळत होते आणि तिचा शिपाई महिन्याच्या पगारासाठी सहसा ताटकळत नव्हता.

जुन्या पद्धतीचा आग्रह धरणाऱ्यांस पुढील वर्षाचे उदाहरण आवडते. १८०४ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांच्या स्वारांनी मॉन्सनच्या फौजेस मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पिटाळले. तोफा चिखलात रुतून सोडाव्या लागल्या. गारेची ठिणगीसुद्धा ओल्या रंजकीवर पडून विझते, हे तेव्हा दिसले. परंतु ह्याच घोडदळाची १७ नोव्हेंबर १८०४ रोजी फरुखाबादेस पहाटे छावणीतच लेकच्या स्वारांनी दाणादाण उडविली. लेक त्या रात्री मोठा पल्ला मारून आला होता आणि होळकरांचे घोडे अद्याप खुंटास बांधलेले होते. तोडा आणि गार ह्या वादाशी त्या सकाळचा काही संबंध नव्हता.