जुन्या गाडीचा भाव

श्रोतेहो, बैलाचा बाजार आपल्याला नवा नाही. बैल घेताना आपण आधी त्याचे दात पाहतो. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे, हे पाहून भावाची बोलणी सुरू होतात. वय वाढले की भाव उतरतो, हा झाला साधा हिशेब. पण शंकरपटात पळणाऱ्या बैलाला हा हिशेब लागू पडत नाही. तो नांगर किती ओढील हे कोणी विचारीत नाही. पटावर किती पळेल एवढेच विचारतात. शिवाय त्याचा भाव कायद्यावरही अवलंबून असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा मान्य केला. मधल्या काळात शर्यतीच्या बैलाला शर्यतीचा भाव कुठून येणार? बैल तोच, पाय तेच. पण भाव वेगळा.

यंत्राच्या गाड्यांचेही असेच आहे. वेगवान गाडीच्या एकामागून एक पिढ्या येतात. नवी पिढी जुनीपेक्षा जोरात पळते. मग जुनीचा भाव नेहमी उतरायला हवा. पण तसे होत नाही. का होत नाही, त्याचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याला निघाले की वाडी लागते. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग सहा होता, आता त्याला त्रेपन्न हा क्रमांक आहे. वाडीला ट्रान्स्पोर्टच्या कचेऱ्या, गोदामे आणि मालाने लादलेले ट्रक यांची गर्दी. येथे जुन्या ट्रकचा भाव ठरतो तो अगदी रोकठोक. इंजिन किती चालले, टायर किती राहिले, कागद साफ आहेत का, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत गाडी किती कमावून देईल? ट्रकवर कोणी जीव लावला तरी त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. याला आपण उपयोगाचा भाव म्हणू. विम्याचा हिशेबही याच वळणाचा आहे. आपल्याकडच्या विम्याच्या कोष्टकात गाडी दोन ते तीन वर्षांची झाली की किमतीतून ३० टक्के घट धरतात आणि चार ते पाच वर्षांची झाली की ५० टक्के.

पण एक काळ असा होता की आपल्या देशात वापरलेली गाडी नवीपेक्षा महाग मिळे. आज मुलांना सांगितले तर खोटे वाटेल. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. इंजिन १०८९ सी.सी.चे, म्हणजे आजच्या मानाने बेताचे. तरीही गाडी हवी असणारे फार आणि गाड्या थोड्या. १९५९ साली सरकारने मोटारींच्या वाटपावर नियंत्रण आणले. कारखान्याची किंमत कागदावर बांधलेली, पण नंबर लागायला वर्षे जात. ज्याला आज गाडी हवी त्याने जुनी घ्यावी आणि वर जास्तीचे पैसे मोजावेत.

स्कूटरची कथा तर घरोघरची. पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्यातून १९७२ पासून चेतक बाहेर पडू लागली. तिच्यासाठी लोक नाव नोंदवून दहा-दहा वर्षे थांबले. वापरलेली चेतक नव्यापेक्षा चढ्या भावाने विकली जाई. लग्नाच्या बोलण्यांतही स्कूटर आली, आणि कित्येक मुलींच्या बापांना त्या भावाची झळ लागली. हा भाव वेगाचा नव्हता, सुखाचाही नव्हता. हा टंचाईचा भाव. पुढे उत्पादन वाढले, निरनिराळ्या कंपन्या आल्या आणि हा भाव पाहता पाहता विरून गेला.

आता खऱ्या वेगवान गाड्यांकडे येऊ. १९८३ साली एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाच्या मदतीने राजदूत ३५० ही मोटारसायकल आणली. दोन सिलिंडर, ३४७ सी.सी., आणि त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर तिच्या जोडीला पळेल असे दुसरे वाहन मिळणे कठीण. पण ती पेट्रोल भरपूर पीत असे आणि सुटे भाग महाग पडत. १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० आली. ती हळू होती, पण थोड्या पेट्रोलवर लांब जाई. शिक्षकाने, ग्रामसेवकाने, दूधवाल्याने कोणती घ्यावी? अर्थातच हिरो होंडा. राजदूत ३५० काही वर्षांतच बंद पडली. त्याच १९८५ साली आलेली यामाहा आर.एक्स. १०० मात्र मधला मार्ग धरून चालली. वजनाला हलकी, ९८ सी.सी., सुमारे ११ अश्वशक्ती. ती १९९६ पर्यंत निघाली. धुराचे नियम कडक होत गेले, तशा या टू-स्ट्रोक गाड्या मागे पडल्या.

आता गंमत पाहा. ज्या हिरो होंडाने लाखो संसार ओढले, तिचा जुना सांगाडा बहुधा भंगाराच्या भावाने जातो. आणि जिला तिच्या काळी गिऱ्हाईक मिळेना, ती राजदूत ३५० चांगली राखलेली असेल तर आज लाखांत मागतात. उत्तम स्थितीतील आर.एक्स. १०० चा भावही तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला आहे. आजची साधी नवी मोटारसायकलही तिच्याहून कमी पेट्रोल पिते, चांगला ब्रेक लावते. तरी तरुण तिच्यामागे धावतात. हा तिसरा भाव, हौसेचा आणि आठवणीचा. ज्याला विसाव्या वर्षी ती घेता आली नाही, तो पन्नासाव्या वर्षी तिचे पैसे देतो.

परदेशातही हेच घडले. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने ९११ ही गाडी १९६३ साली प्रथम लोकांसमोर मांडली. तिचे इंजिन हवेने थंड होई. विहिरीवरच्या इंजिनांत हवेवर थंड होणारे आणि पाण्यावर थंड होणारे असे दोन प्रकार आपण पाहतो, तसेच हे. १९९७ साली पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाची नवी पिढी आली. ती अधिक ताकदीची आणि अधिक वेगवान होती. पण जुन्या बाजारात उलटे झाले. १९९८ पर्यंत निघालेल्या हवेवरच्या शेवटच्या गाड्यांचा भाव चढत गेला आणि त्यांच्या मागून आलेली नवी पिढी कित्येक वर्षे त्या घराण्यातली स्वस्त गाडी ठरली. तशी जुनी गाडी आता पुन्हा होणार नाही, एवढेच त्यामागचे कारण. इटलीच्या फेरारीची २५० जी.टी.ओ. ही शर्यतीची गाडी १९६२ ते १९६४ या काळात केवळ ३६ झाली. तेव्हा ती सुमारे १८ हजार डॉलरना मिळे. २०१८ साली अमेरिकेतील लिलावात त्यातली एक ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली.

मग दुर्मिळ झाले की मोल येतेच का? नाही. दिलीप छाब्रिया यांनी २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात अवंती ही दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी दाखवली. पुढे ती सुमारे ३६ लाखांना विकली गेली. संख्येने ती थोडीच झाली. पण जुन्या बाजारात तिला फेरारीचा मान मिळाला नाही. थोडेपणाच्या जोडीला शर्यतीतली कामगिरी लागते, सुटे भाग लागतात, दुरुस्ती जाणणारे मिस्त्री लागतात आणि पिढ्यांची ओढ लागते. एकट्या थोडेपणाला कोणी पैसे देत नाही.

सरकारनेही जुन्या गाडीचे वेगळेपण मानले आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. म्हणजे कायद्यानेच सांगितले की हिची किंमत कामात नाही.

मंडळी, या इतिहासाचा आपल्या संसाराशी संबंध आहे. घरातला मुलगा सोयाबीनचे किंवा संत्र्याचे पैसे हाती आल्यावर म्हणतो, जुनी आर.एक्स. घ्यायची आहे. त्याला एकदम रागावू नये. त्याला विचारावे, तू देतोस तो भाव कोणता? उपयोगाचा असेल तर रोजचे पेट्रोल आणि ब्रेक पाहा. टंचाईचा असेल तर टंचाई उद्या सरेल का, ते पाहा. हौसेचा असेल तर हौस म्हणूनच घे. उद्या दुप्पट होईल या आशेने बियाण्याचे पैसे त्यात घालू नकोस. आणि कोणताही भाव असो, इंजिन नंबर व चासी नंबर नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत, एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म भरून गाडी आर.टी.ओ.त आपल्या नावावर करून घ्यावी. कागद नसलेल्या गाडीला या तिन्हींपैकी एकही भाव नाही.

गुरुजींनी हाच विषय वर्गात घ्यावा. प्रत्येक मुलाने घरातल्या एका जुन्या वस्तूची खरेदीची किंमत आणि आजची किंमत लिहून आणावी. सायकल असेल, मोटारपंप असेल, ट्रॅक्टर असेल. मग तिन्ही भावांचे तीन रकाने पाडून मुलांनाच ठरवू द्यावे, कोणती वस्तू कुठे बसते. एखादी वस्तू दोन रकान्यांत बसेल आणि मुले वाद घालतील. तो वाद घालू द्यावा. अर्थशास्त्राचा पहिला धडा त्यातच आहे.