खडकपूर्णेचे पाणी, येलदरीची वीज

* इथे ‘पूर्णा’ म्हणजे नांदुऱ्याजवळून तापीकडे जाणारी नदी नव्हे. बुलडाण्याच्या देऊळगाव राजा तालुक्यातून वाहत पुढे गोदावरीला मिळणारी खडकपूर्णा. तिच्यावरचा संत चोखामेळा सागर मुख्यतः सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी आहे. वीज होते ती खाली येलदरीला (ता. जिंतूर, जि. परभणी). तिथे साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. धरणातले पाणी मोठ्या नळातून खाली सोडतात. त्याच्या जोराने टर्बाइन फिरते आणि त्याला जोडलेले जनित्रही. पाणी मात्र खर्च होत नाही, ते पुढे सिद्धेश्वर धरणात जाऊन शेतीला मिळते. सगळा हिशेब उंचीचा. 1000 लिटर पाणी सुमारे 500 मीटर कोसळले, जसे 1915 पासून खोपोलीच्या वीजकेंद्रात कोसळते, तर एक युनिटहून थोडी जास्त वीज मिळते. 20 मीटरच पडले तर एका युनिटला 20 हजार लिटरच्या आसपास पाणी लागते. पठारावरच्या नद्यांची खरी अडचण हीच. तरीही येलदरीच्या विजेत बुलडाण्याचा वाटा मानलाच पाहिजे: पावसाळ्यात खडकपूर्णेचे दरवाजे उघडले की येलदरीची पातळी चढू लागते. — संपा.