ठिगळ आणि शुद्धिपत्र

नागपुरातल्या ज्या भागात मी राहतो त्याचे नाव ‘सदर’. हा शब्द कुठलाही देवनागरी टंक बिनबोभाट उमटवतो. परीक्षा सुरू होते ती ‘सदऱ्यावर’ लिहिताना. त्यातला अर्धा र हिंदीला लागत नाही; मराठीत मात्र ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला अर्थभेद त्यावरच उभा आहे. असा र संगणकात टिकतो कसा, याचा माग काढताना मी ‘पॅच’ या शब्दापाशी पोहोचलो.

पॅच म्हणजे ठिगळ. १९४४च्या हार्वर्ड मार्क-१ यंत्राला आज्ञा दिल्या जात त्या भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून. चूक सापडली की तिथे खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवत. १९७४मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘डिफ’ आला. दोन मसुद्यांतल्या बदललेल्या ओळी तो वेगळ्या काढून देई. १९८५मध्ये लॅरी वॉल यांच्या ‘पॅच’ने त्या ओळी दुसऱ्याच्या प्रतीत आपोआप बसवण्याची सोय केली. आता अख्खा ग्रंथ पाठवायला नको, शुद्धिपत्र पुरे. लिनक्स वाढले ते अशाच शुद्धिपत्रांवर, आणि त्यांचा हिशेब ठेवण्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५मध्ये ‘गिट’ रचले.

आपल्याकडे हे काम एकनाथांनी केले होते. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, असे बजावले. पण कोणती ओवी का बदलली, याची यादी मागे राहिली नाही. खुल्या प्रकल्पात दार उघडे असते. सुधारणा कोणीही पाठवावी. ती मुळात मिसळायची की नाही, हे देखभाल करणारा ठरवतो आणि बदल कोणी, केव्हा, कशासाठी केला, हे कायमचे नोंदले जाते.

हा देखभाल करणारा अनेकदा मराठी जाणत नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ टंक रेड हॅटने खुल्या परवान्याखाली दिले, तेव्हा ते दुरुस्त करण्याचा हक्क सर्वांना मिळाला. पण ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, तर परक्याला त्यात चूक दिसणार नाही. त्याला उदाहरण देऊन पटवावे लागते. लिपीचे संकेत ठरवणाऱ्या युनिकोडपुढेही हेच. ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८मध्ये, महाराष्ट्र शासनाचा वर्णमालेविषयीचा निर्णय आला ६ नोव्हेंबर २००९ला. त्यानंतरही प्रत्येक टंकात आणि कळफलकात ते अक्षर वेगळे बसवावे लागले. जिथे ते बसले नाही, तिथे वाचकाला रिकामा चौकोन दिसला.

व्याकरणावर आपण परिषदांमधून कडाडून वाद घालतो. यापुढे मराठीचे पुष्कळसे वाद चार ओळींच्या शुद्धिपत्रावर निकाली निघतील आणि ते पाठवणारा मराठी माणूस नसेल, तर वाद झाल्याचेही कोणाला कळणार नाही.