तळटीप: चाकणचा मलिक-उत-तुज्जार

‘मलिक-उत-तुज्जार’ हे माणसाचे नाव नव्हे. तो बहमनी दरबाराचा किताब आहे. मूळ अर्थ व्यापाऱ्यांचा प्रमुख, पण मानकरी असत ते सेनापती. येथे अभिप्रेत आहे तो खलफ हसन बसरी. पंधराव्या शतकाच्या मध्यास चाकणला तळ देऊन तो कोकणात उतरला. शिर्क्यांनी त्याला दाट रानात नेऊन फौजेसह कापून काढले. जीव वाचवून चाकणच्या कोटात परतलेल्या परदेशी शिपायांची पुढे दख्खनी सरदारांच्या कारस्थानातून कत्तल झाली. हाच किताब नंतर महमूद गावानला मिळाला. वाचकांनी दोघांची गल्लत करू नये.

किताब देणारा वरचढ, हा संकेत दूरवरही होता. १४०२ मध्ये चीनच्या मिंग सम्राटाने जपानचा निवृत्त शोगुन योशिमित्सु याला ‘जपानचा राजा’ म्हटले आणि क्योतोत स्वतःचा सम्राट असूनही त्याने ते स्वीकारले. जुन्नरच्या मलिक अहमदने मात्र बापाच्या ‘निजाम-उल-मुल्क’ या किताबातूनच आपली निजामशाही उभी केली. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याकडून चाकण घेणाऱ्या शायिस्ताखानाचा ‘अमीर-उल-उमरा’ हाही मोगल दरबाराने दिलेला किताबच.